शांतीच्या आधी शील

कालामसुत्त हे आज सुशिक्षित माणसाचे सर्वांत आवडते सुत्त असावे. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतात म्हणूनही मानू नका, हा त्याचा गाभा भाषणांतून, पुस्तकांच्या मलपृष्ठांवरून आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांतून आपल्यापर्यंत पोचतो. पण केसपुत्त गावच्या कालामांशी बुद्धाचे बोलणे तिथे संपत नाही. तो त्यांना पुढे विचारतो की, लोभाने पछाडलेला माणूस जीव घेतो, चोरी करतो, परस्त्रीकडे जातो, खोटे बोलतो, दुसऱ्यालाही त्याच वाटेला लावतो. हे हिताचे की अहिताचे? कालाम उत्तर देतात, अहिताचे. मग हाच प्रश्न द्वेषाबद्दल येतो, मग मोहाबद्दल. म्हणजे तपासायची कसोटी ‘मला पटते का’ ही नाही, ‘यातून कोणाचे वाईट होते’ ही आहे. आणि संवाद संपतो तेव्हा हेच चिकित्सक कालाम बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण जातात.

सुत्ताचा पहिला तुकडा जगभर गाजला. मधले शील आणि शेवटचे शरण गळून पडले. पाश्चात्त्य जगाने गेल्या दीडशे वर्षांत बुद्ध कसा वाचला, ते या एका उदाहरणात दिसते. आता तोच बुद्ध इंग्रजीतून परत येऊन पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत बसला आहे, म्हणून हा विषय त्यांचा राहिलेला नाही, आपलाही झाला आहे.

त्यांच्या वाचनाला कारणे होती आणि ती समजून घ्यायला हवीत. एडविन अर्नोल्डचे ‘लाइट ऑफ एशिया’ १८७९ साली आले, ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ मध्ये काढली. डार्विननंतरच्या त्या इंग्लंडात चर्चवरचा विश्वास डळमळला होता. ईश्वर नसलेला, चमत्कार न मागणारा, बुद्धीला पटणारा एक धर्म पूर्वेला सापडला, ही त्या पिढीला फार मोठी सुटका वाटली. श्रद्धा म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर चर्चमधला विश्वासाचा कबुलीजबाब उभा राहायचा. पुराव्यावाचून एखादे विधान खरे मानणे, एवढाच तिचा अर्थ त्यांच्या अनुभवात उरला होता. त्यामुळे बुद्धाकडे येताना त्यांनी तिला दाराबाहेर ठेवले. शीलाचेही तसेच झाले. ‘हे करू नको, ते करू नको’ हे त्यांनी लहानपणी रविवारच्या शाळेत पुष्कळ ऐकले होते. उरले ते ध्यान. बोधगयेला १९७०च्या सुमारास सत्यनारायण गोएंकांच्या शिबिरांत बसलेल्या अमेरिकन तरुणांनी ते मायदेशी नेले. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते दुखणाईतांसाठी वापरायला घेतले. पुढे ते कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत गेले, अमेरिकन सैन्यात गेले, मोबाइलवर आले. स्टीफन बॅचलर यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकाला श्रद्धांविना बौद्ध धर्म अशा अर्थाचे नावच दिले.

या सगळ्याची टर उडवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. कबाट-झिन यांच्याकडे आलेली माणसे डॉक्टरांनी हात टेकलेली, जुनाट वेदनांची माणसे होती. त्यांना थोडा दिलासा मिळाला असेल तर बुद्धाच्या नावाला त्यात कमीपणा काही नाही. पश्चिमही एकजिनसी नाही. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले भिक्खू बोधी आयुष्यभर श्रद्धा आणि सम्यक दृष्टी यांचे महत्त्व सांगत आले, आणि उपाशी माणसांसाठी २००८ मध्ये त्यांनी संस्था उभी केली. माझा आक्षेप नेमका आहे. ध्यानाचा उपयोग मनःशांतीसाठी होतो, यावर माझी तक्रार नाही. मनःशांती हेच धम्माचे मोजमाप झाले, आणि शील हे त्या शांतीतून आपोआप झिरपणारे काहीतरी आहे असे मानले जाऊ लागले, ही माझी तक्रार आहे. आधी मन निवळू द्या, मग माणूस चांगला वागेलच, हा क्रम मला उलटा वाटतो.

गोएंकांच्या परंपरेतच त्याचा पुरावा आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर काय किंवा आणखी कुठे काय, दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवात श्वासाने होत नाही. आधी त्रिशरण, आधी पंचशील. गोएंका स्वतः सांगत की, अर्धशिशीवर इलाज म्हणून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा गुरूंनी त्या कारणासाठी शिकवायला नकार दिला होता. शिबिरार्थी घरी येतो आणि सांगतो मात्र मौनाबद्दल, पायाला आलेल्या मुंग्यांबद्दल, उतरलेल्या रक्तदाबाबद्दल. पहिल्या संध्याकाळी घेतलेल्या शीलांबद्दल बोलणारा क्वचित भेटतो.

हा प्रश्न मला पनवेलजवळच्या नेरे गावात सगळ्यांत धारदार दिसतो. पनवेलहून मालडुंग्याकडे, माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव. तिथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरुग्णांच्या उपचारासाठी आणि पुनर्वसनासाठी ते उभे राहिले. पुढे वृद्धाश्रम, आदिवासी मुलांचे शिक्षण, निसर्गोपचार अशी कामे त्याला जोडली गेली. शहरातली थकलीभागली माणसे आज तिथे विश्रांतीला जातात, आणि त्यात गैर काही नाही. संस्था गांधीविचारातून आलेली आहे. तिच्या पाटीवर बुद्धाचे नाव नाही, आणि माझ्या युक्तिवादाला त्या नावाची गरजही नाही. शांतीच्या शोधात आलेला माणूस आणि समाजाने कधीकाळी घराबाहेर काढलेला माणूस एकाच आवारात असू शकतात, एवढे मला पुरे आहे.

कारण पाली वाङ्मयात अशी एक गाठ खरोखरच पडली आहे. उदानात सुप्पबुद्ध कुष्ठरोग्याची कथा येते. राजगृहात राहणारा हा अत्यंत गरीब माणूस लांबून गर्दी पाहतो आणि अन्न वाटत असतील म्हणून तिकडे वळतो. जवळ गेल्यावर कळते की अन्न नाही, गौतमाचे प्रवचन आहे. तो एका कडेला बसतो. इतक्या मोठ्या सभेत आपले म्हणणे कोणाला कळेल याचा अंदाज घेत बुद्धाची नजर फिरते आणि या माणसावर थांबते. मग तो त्याच्यासाठी बोलू लागतो. कशावर? आधी दानावर. मग शीलावर. मग स्वर्ग, कामभोगांतले दोष, त्याग. या क्रमाने ऐकणाऱ्याचे मन तयार झाल्यावर दुःख, दुःखाचे कारण, निरोध आणि मार्ग. सुप्पबुद्धाला ते उमगते, तो पुढे येऊन शरण जातो. परत निघाल्यावर वासराच्या ओढीने अंगावर आलेल्या गाईच्या धडकेने त्याचा मृत्यू होतो.

दान आणि शील कोणाला सांगितले, ते पाहावे. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही आणि जो स्वतः अन्नाच्या आशेने आला, त्याला. बुद्ध त्याला आधी दयेचा विषय करत नाही, जबाबदार माणूस करतो. तू देऊ शकतोस, तू वागण्याचे नियम पाळू शकतोस, म्हणजे तू माणसांत आहेस. आणि आजची मापे लावली तर ही कथा फसलेल्या उपचाराची आहे. सुप्पबुद्धाचा रोग बरा झाला नाही, गरिबी हटली नाही, आयुष्य वाढले नाही, ताण किती कमी झाला ते कोणी मोजले नाही. त्याला मिळाली ती सभेतली जागा आणि कोणीतरी आपल्या पाठीशी उभे आहे हा भरवसा. श्रद्धा म्हणतात ती मला इथे दिसते. न पाहिलेले खरे मानणे तिच्यात नाही. कडेला बसलेल्या माणसाने उठून पुढे येणे तिच्यात आहे.

बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये सुप्पबुद्धाला घेतले आहे, उपाली न्हावी, सुनीत सफाईवाला, सोपाक आणि सुप्पिय यांच्या सोबत. हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघाले, आणि दोनच वर्षांनी महाबोधी सोसायटीच्या इंग्रजी नियतकालिकात एका ब्रिटिश बौद्धाने त्यावर कडक टीका केली. सूर असा होता की, आंबेडकर आपलीच सामाजिक मते बुद्धाच्या तोंडी घालत आहेत. पुढेही अनेक पाश्चात्त्य वाचकांना हे पुस्तक खटकत राहिले. चार आर्यसत्ये मूळची आहेत का, असा प्रश्न ते विचारते. मागल्या जन्मीच्या कर्माचा हिशेब नाकारते. ईश्वराच्या जागी नीतीला बसवते. गंमत अशी की, पुनर्जन्म बाजूला ठेवणारे पाश्चात्त्य लेखक आधुनिक ठरले आणि त्यांच्या चाळीस वर्षे आधी तेच करणारे बाबासाहेब राजकीय ठरले. फरक हेतूत होता. युरोपातल्या विचारवंताला कर्मसिद्धान्त नको होता, कारण तो विज्ञानात बसत नव्हता. बाबासाहेबांना तो नको होता, कारण गावकुसाबाहेरच्या माणसाला आणि कुष्ठरोग्याला ‘तुझे भोग आहेत’ असे त्याच सिद्धान्ताने सांगितले होते. उदानातल्या कथेलाही शेवटी पूर्वजन्मीच्या पापाची जोड आहेच.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो क्रम होता, तो बोलका आहे. भदंत चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले, आणि नंतर बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना तेच देऊन बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. त्या दिवशी कोणी डोळे मिटून बसा म्हटले नाही. आधी शरण, लगेच शील, आणि सगळे एकत्र, मोठ्याने. पाश्चात्त्य माणूस धर्म फार झाला म्हणून बुद्धाकडे एकेकटा आला होता. आपली माणसे धर्माने दाराबाहेर ठेवले म्हणून एकजुटीने आली. पहिल्याला सामूहिक शरणगमनात दडपण दिसते. दुसऱ्याला त्यात, आयुष्यात पहिल्यांदा, बरोबरीच्या जागेवर उभे राहिल्याचा अनुभव येतो. प्रतिज्ञांतली मोठी संख्या जुने देव आणि जुनी कर्मकांडे नाकारणारी आहे, म्हणून त्यांत निषेधच पाहणारे आहेत. पण त्यांतच चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे, सर्व प्राणिमात्रांवर दया करणे आहे, आणि सगळी माणसे समान मानणेही आहे. ज्या समाजात नीती म्हणूनच विटाळ पाळला जात होता, तिथे शील ही खाजगी बाब राहूच शकत नव्हती.

हे एका इंग्रजाने ओळखले होते. डेनिस लिंगवूड, म्हणजे संघरक्षित, कालिम्पाँगला राहत. बाबासाहेबांशी त्यांचा परिचय १९५२ पासूनचा. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते नागपुरात असतानाच महापरिनिर्वाणाची बातमी आली. त्या रात्रीच्या शोकसभेत आणि पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांत ते बोलत राहिले: बाबासाहेब गेले, तरी त्यांनी दिलेले शरण राहते. लंडनमध्ये १९६७ साली त्यांनी पाश्चात्त्यांसाठी संघ उभारला, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी ध्यानपद्धती किंवा पंथ न ठेवता शरणगमन ठेवले. त्या विचारामागे नागपूर-पुण्याच्या वस्त्यांतले दिवस होते असे मला वाटते. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये योग शिकायला पुण्याला निघाले आणि वाटेत नागपूरला धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी पोचले. पुढच्या वर्षी ते पुण्यात राहायलाच आले. त्यातून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण, दापोडीचा महाविहार, भाज्याचे शिबिरकेंद्र, ‘बहुजन हिताय’ची वसतिगृहे असे काम वाढले. ध्यान आपल्या वस्त्यांत नेण्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

म्हणूनच पुढचे लिहायला जड जाते, पण टाळता येत नाही. शिष्यांशी आलेल्या लैंगिक संबंधांवरून संघरक्षितांवर १९९०च्या दशकात इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून आरोप झाले आणि २०१६च्या अखेरीस, वयाच्या नव्वदीनंतर, आपल्यामुळे दुखावलेल्यांची त्यांनी जाहीर क्षमा मागितली. ते एकटे नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन केंद्राच्या प्रमुखांना १९८३ मध्ये अशाच वादळात पद सोडावे लागले; तिबेटी गुरू सोग्याल रिनपोछे यांच्या वर्तनाबद्दल आठ जुन्या शिष्यांनी २०१७ मध्ये उघड पत्र लिहिले. ही ध्यानाला नवखी माणसे नव्हती. दशकानुदशके साधना केलेली माणसे होती. मन निवळले की शील आपोआप येते, या समजुतीला याहून मोठा धक्का कोणता? शीलाला दुय्यम ठेवून श्रद्धेला दाराबाहेर काढले, तर ती मागच्या दाराने येते आणि एका माणसाच्या पायाशी जाऊन बसते. बावीस प्रतिज्ञांत गुरूची आज्ञा पाळण्याची प्रतिज्ञा नाही, ही गोष्ट आपल्याकडे कोणी फारशी बोलत नाही. मला ती त्या प्रतिज्ञांतली फार मोठी सुरक्षितता वाटते.

आपल्या अंगणात सगळे ठीक आहे असे मात्र नाही. पावसाळ्यात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. पांढऱ्या साड्यांतल्या बाया सतरंजीवर पुढे बसलेल्या, पुरुष भिंतीला टेकलेले, शाळकरी मुलगी एकेक परिच्छेद वाचते, अडखळली की बौद्धाचार्य शब्द सांगतात, बाहेर पत्र्यावर पाऊस. वाचन संपले की वंदना. पाश्चात्त्य अभ्यासक ज्याला नुसता विधी म्हणेल, तो मला शीलाचा वर्ग वाटतो, कारण तिथे वाचलेले शेजाऱ्याने ऐकलेले असते आणि उद्या तोच आपल्याला आठवण करून देऊ शकतो. पण दारू न पिण्याचे पाचवे शील म्हणून घरी गेल्यावर बाटली उघडणारे हात आपलेच आहेत. लग्न जुळवताना पोटजात विचारणारी तोंडेही आपलीच. श्रद्धा म्हटले की अंधश्रद्धा, असा झटका आपल्या शिकल्यासवरल्या तरुणांना येतो. त्यात पाश्चात्त्य बुद्धिवादाचेच उसने वारे आहे. आणि ध्यान म्हणजे खातेपिते लोकांचे काम, असे म्हणून आपण ते सोडून दिले, याचाही तोटा आपणच सोसतो.

कुष्ठरोगाची एक खासियत या सगळ्या वादाला जमिनीवर आणते. त्याचा जंतू मज्जातंतू मारतो. तळव्याला स्पर्श कळत नाही, चटका कळत नाही, चपलेतला खिळा कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, दुखत मात्र नाही. म्हणून रुग्णाला शिकवतात की, रोज पाय पाण्यात बुडवून ठेवायचे, जाड झालेली कातडी हळू घासायची, ओल असतानाच तेल लावायचे, मऊ रबराच्या एमसीआर चपला घालायच्या आणि तळवा डोळ्यांनी न्याहाळायचा. विपश्यनेत डोक्यापासून पायापर्यंतच्या संवेदना निरखायला सांगतात. ज्याच्या पायात संवेदनाच नाही त्याची स्मृती, म्हणजे सावधानता, डोळ्यांत असते, आणि डोळेही या रोगाने अधू केले असतील, बोटे वाकली असतील, तर दुसऱ्याच्या हातात असते. दुसरा माणूस समोर बसून त्याचा पाय मांडीवर घेतो आणि त्याच्यासाठी जखम शोधतो. या कामाला शील म्हणायचे की ध्यान, असा भेद मला तिथे करता येत नाही. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धाने आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा असे सांगितले, ते विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, आहे.

त्याच विनयात एक अवघड नियमही आहे. मगधात साथ पसरली तेव्हा जीवक वैद्याचे उपचार मिळावेत म्हणून लोक प्रव्रज्या घेऊ लागले, बरे झाले की चीवर टाकू लागले. जीवकाच्या विनंतीवरून बुद्धाने पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला, आणि त्यांत पहिला कुष्ठ. सुप्पबुद्धाला धम्म मिळाला, पण भिक्खू व्हायला गेला असता तर या नियमाने त्याला परत पाठवले असते. नियमामागचे कारण समजते. तरीही तो वाचताना मला अस्वस्थ व्हायला होते, आणि ही अस्वस्थता झाकून बुद्धाचा गौरव करावा असे वाटत नाही. कालामांना दिलेली कसोटी इथेही लावायला हवी.

आज त्या नियमाचे कारण उरलेले नाही. बहुविध औषधोपचार १९८२ पासून उपलब्ध आहे, तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्गाची भीती राहत नाही. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत टिकून होते. त्यांत १९५५ चा हिंदू विवाह कायदाही होता, जो बौद्धांनाही लागू आहे. औषध आल्यावर सदतीस वर्षे गेली. या काळात देशात ध्यानकेंद्रे कितीतरी वाढली. कायदा बदलला तो मात्र लोकांची मने निवळली म्हणून नव्हे. काही माणसांनी हे चूक आहे असे आधी ठरवले, आयोगापुढे आणि न्यायालयात मांडले, संसदेत मंजूर करून घेतले. मने अजून निवळायची आहेत. कुष्ठवसाहतीत वाढलेल्या, स्वतः ठणठणीत असलेल्या मुलीचे स्थळ सांगून आले की घरात आजही कुजबुज होते. अशा घराने आपली भीती जाईपर्यंत थांबायचे ठरवले, तर ती मुलगी बिनलग्नाची राहील. तिला होकार द्यावा, तिच्या आईवडिलांना मांडवात पुढच्या खुर्च्यांवर बसवावे, त्यांच्या पंगतीला जेवायला बसावे. भीती गेली तर त्यानंतर जाईल.